बेलाची राख

मोलगी गावाला बैलगाडीने आलेल्या रसायनवाल्या लोटनने बेलफळात काय काय आहे ते शोधायचा चंग बांधला. गावातल्या फुलीबाईने पावसाळ्यासाठी कापून सुकवलेल्या बेलाच्या साऱ्या काचऱ्या त्याने मागून घेतल्या. "दोन तरी ऱ्हाऊ दे, भाऊ. पानकळामा हगवण लागनी तं हाईच दवा शे," ती विनवू लागली. "शास्त्रले अर्धं चालस नही, माय," ऐटीत सांगून त्याने शेवटच्या काचरीचीही राख करून तोलली आणि सारं कागदावर उतरवलं. आषाढात नाल्याला पूर आला, वाट तुटली आणि हगवण लोटनलाच लागली. तांब्या घेऊन पळून पळून गळालेल्या लोटनने ओशाळून काचरी मागितली. "समद्या तं तूच जाळी टाक्यात. तुन्हा कागद वाच," फुलीबाई म्हणाली. त्याने वाचलं: ओल, साखर, तुरटपणा, राख. "यामा पोट बांधनारं कोनतं?" तिने विचारलं. त्याने कागद उलटला, मागे कोरंच होतं. "दोन ठेवाले पाहिजे व्हत्यात, माय," म्हणत लोटनने पुन्हा तांब्या उचलला.