तळाचा गाळ

देवदत्तने आखातातल्या अल रीमच्या फ्लॅटमध्ये बनवलेली बिअर दोन वर्षं बाटल्यांत मुरत होती. गाळ केव्हाच तळाशी बसला होता. महिनाभराच्या सुट्टीनंतर नाशिकहून परतल्यावर त्याने कपाट उघडलं, तर भिंतीकडची बाटली गढूळ दिसली, कुणी नुकतीच हलवल्यासारखी.

“नीलिमा, हात लावलास?”

“मी? आत्ताच तर आलो आपण,” म्हणत बायको जवळ आली.

दोघांच्या देखत शेजारच्या बाटलीतला गाळ वर चढला. बाटली जागची हललीही नव्हती. मग तिच्या अलीकडची गढूळ झाली. मग दाराजवळची.

“खलास, पुरे, बंद कर ते!” नीलिमा म्हणाली.

त्याने दार लावलं.

मागे त्यांची छोटी पर्णिका पाणी पीत उभी होती.

“बाबा, लुक,” ती म्हणाली.

तिच्या ग्लासातलं पाणी तळापासून गढूळ होत होतं.