दसऱ्याचा पेनड्राइव्ह

"कॉम्प्युटरमधलं सगळं पुसावं लागेल, काका. प्रत्येक फाइलमध्ये व्हायरस शिरलाय," दुरुस्तीवाला म्हणाला. "बॅकअप आहे?"

"म्हणजे?"

"दुसरीकडे काढून ठेवलेली कॉपी."

अनोळखी ईमेलमधली लग्नपत्रिका उघडली होती मीच. त्या कॉम्प्युटरमध्ये बायकोनं अकरा वर्षं खेड्यापाड्यांत फिरून जमवलेले अहिराणी शब्द होते. ती जाऊन आठ महिने झाले होते, आणि आता हेही जाणार होतं.

मग दसरा आठवला. दर दसऱ्याला पूजेआधी ती कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह लावून बसायची. नंतर दोन्हींना हळदकुंकू लावून पेनड्राइव्ह देव्हाऱ्याच्या खणात ठेवायची.

"त्यालाही नैवेद्य दाखव," मी चिडवायचो.

"तुम्ही नारळ फोडा," ती म्हणायची.

खणात तो सापडला, कुंकवासकट. कॉम्प्युटर साफ झाल्यावर दुरुस्तीवाल्यानं तो लावला. सहा हजार चारशे शब्द होते. एकही हरवला नव्हता. गेल्या दसऱ्यानंतर तिनं अंथरूणच धरलं होतं, नवा शब्द जमवलाच नव्हता.

"काकू किती शिकल्या होत्या?" त्यानं विचारलं.

"सातवी," मी ताठ बसून म्हणालो. "कॉम्प्युटर बावन्नाव्या वर्षी शिकली. मी फक्त नारळ फोडायचो."