दोन तपेल्या

इन्स्पेक्टरने तपेलीतल्या तेलात बोट बुडवलं, तेव्हा रखमाची नजर शेजारच्या पाण्याच्या तपेलीकडे गेली.

तेल पार निवलं होतं. साहेबाने बोट रुमालाला पुसलं. नवरा पहाटेच बोटीने गावी गेला, त्यानंतर घरात शेगडी पेटलेली नाही, असं रखमाने त्याला दारातच सांगितलं होतं. शेगडीचं कुणी विचारलंही नव्हतं. पण भ्यालेल्या माणसाची जीभ नको तिथे धावते. खरं तर धोंडू शेजारच्या चंपाच्या खोलीत पालथा पडला होता. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात लाठ्या खाऊन त्याची पाठ काळीनिळी झाली होती.

नायगावच्या चाळीखाली पोलिसांची गाडी उभी राहिली, तेव्हा रखमा त्याला शेकतच होती. तिने आणि चंपाने आधी धोंडूला हलवलं, मग निखाऱ्यांची शेगडी. खाली चौकशी करत साहेब वर येईपर्यंत अर्धा तास गेला. शेगडीवरून एकदमच उतरवलेल्या दोन सारख्या तपेल्या मात्र कोपऱ्यात तशाच राहिल्या. एकीत चोळायचं तेल, दुसरीत शेकायचं पाणी.

तेलाचं काही नाही. ते झटकन तापतं, झटकन निवतं. उथळ माणसाच्या रागासारखं. पाणी तापायला रडवतं, आणि एकदा तापलं की ऊब सोडता सोडत नाही. म्हणून तर शेकायला पाणी घेतात. आज तोच गुण रखमाच्या मुळावर उठला होता. वाफ विरली होती, पण हात लावला की खोटं उघडं पडणार, आणि मग झडती चंपाच्या खोलीपासूनच सुरू होणार.

“हवालदार, ते पाणी बघा,” साहेब म्हणाला.

हवालदार सीताराम पोक्त माणूस. तो वाकला. त्याची बोटं पाण्यात गेली आणि तिथेच थांबली. त्याने मान वर करून रखमाकडे पाहिलं. तिने डोळे मिटून मनातल्या मनात रवळनाथाला हाक मारली.

“गार आहे, साहेब.”

साहेब जिना उतरू लागला. हवालदार दारात जरा रेंगाळला. बुटांचा आवाज खाली जाईपर्यंत थांबला आणि इतका वेळ सरकारी मराठी बोलणारा तो माणूस हळूच तिच्याच मालवणीत म्हणाला,

“वयनी, पाणी अजून गरम आसा. शेक पुरो करा.”