रूळ पुसायचं फडकं

दुबईहून आतिफ वाफेच्या इंजिनचं मॉडेल पाठवणार, म्हणून खलीलभाईंनी कोपरखैरण्याच्या फ्लॅटमध्ये तीन वर्षांपूर्वीच एका प्लायवर छोटे रूळ ठोकून ठेवले होते. "काही जोडायचं नाही, अब्बा. खोक्यातून काढा, रुळावर ठेवा," मुलगा फोनवर म्हणायचा.

इंजिन आलं नाही. अम्मीच्या मयतीला आतिफही आला नाही.

मयतीच्या चाळिसाव्या दिवशी खलीलभाईंनी बायकोची हिरवी ओढणी रागाने टरकावली आणि त्या फडक्याने ते रोज रूळ पुसायला लागले. रूळ रिकामे, तरी फडकं रोज काळं व्हायचं.

"ट्रकचा धूर असेल," त्यांची मुलगी सना म्हणाली.

"मग बाजूच्या प्लायवर का नाही बसत?"

सनाने प्लायवरून बोट फिरवलं. बोट स्वच्छ निघालं.

शुक्रवारी गावचा एकजण दुबईहून सुट्टीवर आला आणि खोकं देऊन गेला. कंपनीचं सील शाबूत होतं.

"अम्मीला खांदा द्यायला सुट्टी नव्हती," खलीलभाई सील कापत म्हणाले. "खेळणं घ्यायला होती."

कोरं करकरीत इंजिन त्यांनी उलटं केलं आणि सनापुढे धरलं.

चाकांच्या दांडीला ओढणीचा हिरवा धागा करकचून गुंडाळला होता. चाकं अजून कोमट होती.