डावा शाफ्ट

शाफ्ट आत गेला, पण टिचकी वाजली नाही.

गाडीखाली उताण्या पडलेल्या बाईने तो पुन्हा बाहेर ओढला. वय चौसष्ट, अंगात वारलेल्या नवऱ्याची डांगरी, हात कोपरापर्यंत ग्रीसने काळे. शेजारी बॅटरीचा झोत धरून उकिडवी बसलेली सून म्हणाली, "आई, बसला की तो. राहू द्या आता."

"बसल्यासारखा दिसतोय. टोकाची रिंग आतल्या खाचेत गेली की टिचकी वाजते. नाही वाजली तर एखाद्या खड्ड्यात शाफ्ट निसटेल आणि आपण भर रस्त्यात बोंबलत बसू."

गल्लीत तिला सगळे फोरमनबाई म्हणत. नवऱ्याच्या गॅरेजमध्ये तिने सव्वीस वर्षं त्याच्या बरोबरीने पाने फिरवले होते. इंजिनाचा जोर पुढच्या चाकांपर्यंत नेणारे हे शाफ्ट तिने किती बदलले, त्याची गणती नव्हती. "रबरी बूट फाटला की ग्रीस बाहेर, धूळ आत आणि सांध्याचं वाटोळं," असं ती गिऱ्हाइकांना बजावायची. स्वतःच्या गाडीचे बूट दर दोन-तीन महिन्यांनी बोटांनी चाचपायची. या खेपेला गुडघा धरला म्हणून राहून गेलं, आणि वळणावर डाव्या चाकातून टकटक ऐकू यायला लागली.

मुलानेच पुढे होऊन शाफ्ट काढला. "रविवारी नवीन टाकतो," म्हणाला. तीन रविवार गेले. विचारलं की एकच उत्तर, "पार्टच मिळत नाही." गाडी शेडमध्ये टेकूच्या लोखंडी घोडीवर अडकून पडली, डावं चाक भिंतीला टेकलेलं.

त्याच सुमारास त्याने घरात दोन निकाल दिले होते. गाडी फाटकाच्या खांबाला घासली होती. आई म्हणाली, "माझ्या हातून झालं." तेव्हा आईने या वयात गाडीला हात लावायचा नाही, हा पहिला. बायकोला गावाच्या दुसऱ्या टोकाला रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी मिळाली होती. पण सकाळी सहाच्या पाळीला बस नसते, तेव्हा नोकरीचं डोक्यातून काढायचं, हा दुसरा. दोघी गप्प बसल्या. ते गप्प बसणं त्याने होकार समजलं.

काल फोरमनबाई स्वतः स्पेअर पार्टच्या दुकानात गेली. दुकानदार जुना ओळखीचा. तो हसायलाच लागला. "मिळत नाही? अहो मावशी, तीन नग फळीवर पडलेत. तुमचा मुलगा इकडे फिरकलासुद्धा नाही."

ती खोकं काखेत मारून घरी आली. मुलाला एका शब्दाने बोलली नाही. आज तो कामाला गेला आणि तिने डांगरी चढवली.

आता तिने रिंगची फट वरच्या बाजूला फिरवली. तेल अडवणाऱ्या सीलला ओरखडा येऊ नये म्हणून शाफ्ट आधी अलगद सरकवला आणि मग दोन्ही हातांनी जोरात ढकलला.

टिच्.

"ऐकलंस?"

"ऐकलं!" सून जवळजवळ ओरडलीच.

पुढचं काम तिच्या हातचा मळ होतं. बाहेरचं टोक हबमध्ये गेलं, खालचा सांधा जागेवर बसला, गिअर ऑइल भरलं, चाक चढलं. गाडी जमिनीवर उतरली. राहिला मधला मोठा नट. तो आवळताना आतून कोणीतरी ब्रेक दाबून धरावा लागतो. सून आत जाऊन बसली. फोरमनबाई लांब पान्यावर चढली आणि दुखऱ्या गुडघ्यासकट सगळं वजन तिने त्यावर टाकलं.

तेवढ्यात फाटक वाजलं. शनिवार होता, मुलगा अर्ध्या दिवसाने परतला होता.

"आई! काय चाललंय हे?"

"पार्ट मिळाला," पान्यावरून न उतरता ती म्हणाली.

त्याचा चेहरा पडला, पण क्षणभरच. "हो, खोटं बोललो! मग काय करणार? सरळ सांगून तू ऐकतेस का? आज खांब दिसला नाही, उद्या माणूस दिसणार नाही. ही गाडी मी बाहेर जाऊ देणार नाही." त्याने फाटकाला कडी घातली आणि पाठ लावून उभा राहिला.

नट सैल होऊ नये म्हणून तिने पंच मारून त्याची कड खाचेत दाबली. हत्यारं एकेक करून पेटीत ठेवली. चिंधीने बोटं पुसली.

"खरं आहे तुझं," ती म्हणाली. "या वयात मी गाडी चालवू नये. नाही चालवत."

मुलाने सुस्कारा सोडला. आई इतक्या सहज ऐकेल असं त्याला वाटलं नव्हतं.

ती गाडीला वळसा घालून गेली आणि ड्रायव्हरच्या शेजारच्या जागेवर बसली. स्टिअरिंगमागे त्याची बायको होतीच. तिने काच खाली केली आणि पर्समधून एक कार्ड काढून त्याच्यासमोर धरलं. तिच्या नावाचा गाडी चालवायचा परवाना. तारीख दोन महिन्यांपूर्वीची.

"सोमवारी मला लॅबमध्ये हजर व्हायचंय," ती म्हणाली.

तो फाटक सोडून पुढे आला आणि वाकून कार्ड वाचू लागला.

"वाचून झालं असेल तर फाटक उघड," आई मुलाला म्हणाली. मग सुनेकडे वळली. "आणि पोरी, तू आता ब्रेकवरचा पाय काढ."