गुरुवारचा पियानो

तीच तार पुन्हा उतरली होती. सूरमास्तरांनी पट्टी एकदा दाबली, दुसऱ्यांदा दाबली, कान जवळ नेऊन तिसऱ्यांदा दाबली. उतरलेलीच. बाकीचा पियानो खणखणीत आणि बरोबर मध्यावरची ही एक तार रडकी. गेल्या गुरुवारी त्यांनी ती स्वतःच्या हाताने लावली होती. त्याच्या मागच्या गुरुवारीही.

करायचं काय बाकी ठेवलं होतं त्यांनी? तार बदलून झाली. तार जिच्यावर ताणतात ती खुंटी बदलून झाली. ओल लागत असेल म्हणून पियानो खिडकीपासून हलवून झाला. त्यात मास्तरांची कंबर कामी आली. तरी आठवडा उलटला की तार ढिली. मग उरलं कोण? उरले मास्तर. पन्नाशी ओलांडलेला माणूस, कान गेले असतील. आणि तारा लावणाऱ्याचे कान गेले म्हणजे संपलंच की सगळं! महिनाभर त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. चर्चचा ऑर्गन लावायचं बोलावणं आलं, तेसुद्धा त्यांनी थाप मारून टाळलं, आणि त्या थापेबद्दल रविवारी त्याच ऑर्गनसमोर बसून देवाची माफी मागितली.

आज मात्र त्यांनी ठरवून टाकलं होतं. बाईसाहेबांना खरं सांगायचं, नदीपलीकडच्या तरुण कारागिराचं नाव द्यायचं आणि पुन्हा या बंगल्याची पायरी चढायची नाही. सकाळी गुडघे टेकले तेव्हा देवाला तसं कबूलही केलं होतं. पण आता जीभ रेटेना. कारण एकच होतं, आणि ते देवालाही सांगायची त्यांना लाज वाटली होती. इथला हा एक तास सोडला, तर आठवडाभर त्यांच्याशी कुणी धड बोलत नव्हतं. भावाच्या घरी माडीवरची खोली होती, वेळेवर ताट होतं आणि वहिनीची चेष्टा होती. "भावजी, पियानोला दाढी घोटलेली लागते होय?" आजही तिने विचारलं होतं. मास्तर हसले होते. मग जिना उतरताना, पुढच्या गुरुवारी ती हे विचारणार नाही, या विचाराने त्यांचे डोळे भरून आले होते.

बाईसाहेब म्हणजे न्यायाधीशांच्या विधवा. गुरुवार हा त्यांचा भेटीचा दिवस. बड्या घरांत प्रत्येक बाईचा असा एक वार ठरलेला असे. त्या दिवशी दारात बग्ग्या लागत, चहा होई, दोन लग्नं जमत, एखादं मोडे. या दारात मात्र दोन वर्षांत एकही बग्गी लागली नव्हती. कडाक्याच्या थंडीतल्या एका रविवारी बाईसाहेबांनी चर्चमधला आपल्या घराण्याचा पहिला बाक धुणेवाल्या बायकांना दिला होता. मागच्या दाराच्या वाऱ्यात त्या कुडकुडत होत्या म्हणून. स्वतः उठल्या, मागे गेल्या आणि हाताला धरून त्यांना पुढे घेऊन आल्या. पाळकांचं वाचन मध्येच अडखळलं. त्या दिवसापासून बडी मंडळी जी फिरली ती फिरलीच. धुणेवाल्या आजही आशीर्वाद देत, पण बंगल्यावर त्या मागच्या दाराने येत आणि उभ्याउभ्याच जात. मास्तर त्या रविवारी खांबाआड बसले होते. बाईसाहेब त्यांच्या मनात भरल्या त्या तेव्हाच. पण हे बोलून दाखवायची त्यांची काय बिशाद! वर्षातून एकदा पियानो लावायला यायचं, एवढाच त्यांचा संबंध. मग गेल्या थंडीत तार उतरल्याचा निरोप आला, आणि तेव्हापासून दर गुरुवार.

"काय म्हणतो पियानो?" बाईसाहेबांनी विचारलं. टेबलावर नेहमीसारखे डझनभर कप मांडले होते. त्यातल्या दोनांत त्यांनी स्वतः चहा ओतला. कारागिराला चहा स्वयंपाकघरात द्यायची रीत या घरात केव्हाच मोडली होती.

मास्तरांनी कपाला हात लावला नाही. "बाईसाहेब, पियानोत काही दोष नाही. दोष माझ्यात आहे. माझे कान गेले. मी लावलेली तार आता टिकत नाही. पुढच्या गुरुवारी दुसरा माणूस येईल. चांगला आहे, तरुण आहे. मला तेवढी माफी द्या."

एका दमात बोलले आणि हत्यारं पिशवीत भरायला लागले. काही केल्या पिशवीचं बक्कल लागेना.

बाईसाहेबांच्या कपातला चहा बशीत सांडला. "हे कधीपासून मनात धरून बसलात तुम्ही?"

"महिना झाला असेल."

"अरे देवा," त्या हळूच म्हणाल्या. चेहरा कानापर्यंत लाल झाला. त्या उठल्या, खिडकीजवळच्या विणकामाच्या टोपलीतले लोकरीचे गुंडे त्यांनी बाजूला केले आणि तळातून एक किल्ली काढली. मास्तरांकडे खुंट्या पिळायची होती, अगदी तशीच. न्यायाधीशांनी पियानोबरोबर घेतलेली असावी. लाकडी मूठ वापरून वापरून गुळगुळीत झाली होती. ती त्यांनी मास्तरांच्या कपाशेजारी ठेवली.

"तुमच्या कानांना काहीही झालेलं नाही, मास्तर," त्या त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या. "दर बुधवारी ती तार मीच सैल करते. नाहीतर गुरुवारी तुम्ही कशाला आला असतात?"