उलटी टीप

“तुला कुणी सांगितलं होतं नवं टाकायला? कालपर्यंत सगळं नीट चालत होतं!” मेकॅनिक सुनेच्या डोक्यावर उभा राहून ओरडला.

“नीट? दिवसातून चारदा बंद पडत होता, बाबा. कटकट तुमचीच होती.” सुनेने स्क्रीनवरून नजर काढली नाही. सकाळीच तिने कॉम्प्युटरवर नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकली होती आणि सासऱ्याचा जुना मेलचा प्रोग्रॅम त्यावर उघडायचं नाव घेत नव्हता. “हे दोन प्रोग्रॅम आहेत. दोन्हींत मेल येते, दोन्हींत तुमचा न्यूजग्रुप दिसतो. एक सांगा आणि मला मोकळं करा.”

न्यूजग्रुपवर त्याचा जीव होता. शिलाई मशीन दुरुस्त करणारे कुठकुठले लोक तिथे आपली अडचण लिहीत, आणि ज्याला उपाय ठाऊक असेल तो सगळ्यांसमोर सांगे. दुकानातून आला की हा रोज दोन-तीन उत्तरं ठोकून द्यायचा. चाळीस वर्षं मशीन उघडलेला माणूस. पण आभार कुणी मानत नसे. “फुकट्यांना दानतच नाही,” असं तो जेवताना म्हणायचा, आणि बायको मुकाट्याने वाढत राहायची.

“माझी यादी कशात येते?” त्याने विचारलं.

“कसली यादी?”

“ब्लॉक केलेल्यांची. ज्यांचं तोंड बघायचं नाही त्यांची.”

“पहिल्यात येते. दुसऱ्यात नाही येत.”

“मग पहिला टाक. एवढ्यासाठी माझी दुपार खाल्लीस!”

यादीत एकच नाव होतं. कुणीतरी ‘उलटी टीप’ अशा टोपणनावाने लिहायचं. अकरा वर्षांपूर्वी एकाचं मशीन जाम झालं होतं. मेकॅनिकने लिहिलं, चाकावर हातोडीचा हलका ठोका द्या. खाली उलटी टीपने लिहिलं, “ठोकू नका, शाफ्ट वाकेल. आधी बॉबीनखाली दोरा अडकलाय का बघा.” दोराच अडकला होता. सगळ्या ग्रुपसमोर शोभा झाली. त्याने त्याच मिनिटाला ते नाव ब्लॉक केलं. त्या नावाचं पत्र आणि त्या पत्राखाली कुणी काही लिहिलं असेल तर तेही, पुन्हा कधी त्याच्या डोळ्यांसमोर आलं नाही.

सून जुनी मेल हलवत होती. मध्येच तिचा हात थांबला.

“बाबा, इथे दोन खाती आहेत.”

“दोन कशी असतील? घरात मेल मी एकटा वापरतो.”

“दुसरं खातं उलटी टीप या नावाचं आहे.”

आतल्या खोलीत बायको ब्लाऊज शिवत होती. मशीनचा आवाज थांबला. ती दारात आली, खांद्यावर टेप तशीच. तीस वर्षं ती शिवणकाम करत होती, आणि तेवढीच वर्षं त्याचं एक वाक्य ऐकत होती, की तुला मशीन चालवता येतं, उघडता येत नाही.

“माझं आहे ते,” ती म्हणाली. “तुम्ही दुकानात गेलात की लिहायची.”

“माझ्या घरात बसून माझीच अब्रू काढत होतीस?”

“घरात तोंड उघडलं की तुम्ही गप्प करायचात. तिथे गप्प करणारं कुणी नव्हतं.”

त्याच्या कपाळाची शीर ताठ झाली. “दुसरा टाक,” तो सुनेला म्हणाला. “यादी नको. बघू दे काय दिवे लावलेत ते.”

दुसरा प्रोग्रॅम उघडला आणि अकरा वर्षांची पत्रं भराभरा खाली उतरली. त्याच्या जवळपास प्रत्येक उत्तराखाली उलटी टीप होती. टोमणा एकही नव्हता. “वरचं बरोबर आहे, फक्त आधी पट्टा काढा, नाहीतर बोट अडकेल.” “सुई वर सांगितलीय त्याहून एक नंबर बारीक घ्या.” “तेल तिथे नको, आतल्या खाचेत घाला.” आणि तिच्या पत्रांच्या खाली, ओळीने, आभार. मशीन चालू झालं. धंदा वाचला. देव तुमचं भलं करो.

तो वाचत राहिला. सून उठून बाजूला उभी राहिली. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “ठीक आहे. दिसू दे मला यापुढे.” उपकार केल्यासारखं म्हणाला.

बायकोने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती सुनेला म्हणाली, “माझं खातं त्या पहिल्या प्रोग्रॅममध्ये ठेव. यादीवाल्या.”

“आई, तुमच्या यादीत कुणीच नाहीये.”

“आता घाल. यांचं नाव घाल.”

“आई...”

“अकरा वर्षं निस्तरलं. पुरे झालं. ग्रुपवर इतर लोकही अडतात, त्यांना सांगीन. यांचं बघायचं नाही मला.”

सुनेने सासऱ्याकडे पाहिलं. त्याने मान फिरवली. तिने नाव घातलं. आतलं मशीन पुन्हा खडखडायला लागलं.

“नाही तर नाही,” मेकॅनिक मोठ्याने म्हणाला, आत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. “मला शिकवणार!” मग तो खुर्चीत बसला. एका शिंप्याचं नवं पत्र होतं. त्याचं मशीन जाड कापडावर टाके सोडत होतं. मेकॅनिकने बाह्या वर केल्या आणि उत्तर लिहिलं. दोन बोटांनी, चांगलं पानभर, एकेक स्क्रू मोजून. दोनदा वाचून पाठवलं. चहा मागितला नाही, जागचा हलला नाही.

अर्ध्या तासाने शिंप्याचं उत्तर आलं. मेकॅनिकने ते लगेच उघडलं.

“तुमचं वाचलं. उलटी टीप यांचं आलं की मशीन उघडतो.”